भिंतीवरची ओली रेघ

आये, सोमवारी बायकांच्या गटाच्या बैठकीत तुझं नाव निघालं आणि मी मावशीच्या अंगावर धावून गेल्यासारखा ओरडलो. तू असतीस तर हातातलं काम न थांबवता म्हणाली असतीस, "झालं, आली उकळी." तुला जाऊन सात वर्षं होत आली, पण माझं डोकं अजून तसंच आहे. भसकन तापतं आणि उतरायला दोन दिवस लागतात. आज तिसरा दिवस. म्हणून लिहायला बसलोय, शेडमध्येच, ट्रॅक्टरच्या पायरीवर. दुपार आहे, बाहेर ऊन नुसतं चरचरतंय. तुला अक्षरओळख नव्हती. गटात आल्यावर सही करायला शिकलीस तेवढीच, आणि तीसुद्धा चूल सारवल्यासारखी सावकाश करायचीस. म्हणजे हे पत्र पाठवता आलं असतं तरी ते तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते काही माझ्याच्यानं झालं नसतं. लिहिणं तरी जमतंय का बघतो.

ट्रॅक्टर तोच आहे. रंग विटलाय, बॉनेटचा एक कोपरा चेपलाय, पण इंजिन तेच. डाळिंबाच्या दोन ओळींतून जाईल एवढाच लहान. मोठ्या ट्रॅक्टरवाले त्याला बघून हसायचे आणि तू म्हणायचीस, "हसू द्या की, माजं कोकरू हाय ते." खरं तर तो आपला नव्हता, अकरा बायकांच्या गटाचा होता, आणि त्या अकराजणींत चालवायला शिकलेली तू एकटी. आबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन जे बाहेर पडायचे ते पावसाळ्याच्या तोंडालाच परत यायचे. मी सोलापुरात कॉलेजला. तुझ्याजवळ ती चावी. मंद्रूपच्या बाजाराला जाताना तू ती कमरेला मुद्दाम बाहेर लोंबती ठेवायचीस, चालताना वाजेल अशी. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. एकदा म्हणालोसुद्धा, "आत खोच की ती." तू म्हणालीस, "का? आत खोचायला चोरलीया व्हय मी?"

आणि ही भिंत, आत्ता माझ्या समोर आहे ती. रोज सकाळी इंजिनातलं आईल बघायचं हे मिस्त्री सगळ्यांनाच सांगतो, पण बघतं कोण? तू बघायचीस, आणि बघितल्याचं दाखवून द्यायचीस. चुना मारलेल्या ह्या भिंतीवर कमरेच्या उंचीला तू एक फळी ठोकून घेतली होतीस. आईल बघायच्या पट्टीचं टोक त्या फळीवर टेकवून पट्टी भिंतीला दाबायची. आईल जिथपर्यंत तिथपर्यंत काळसर रेघ उठायची. पट्टीवर कमी आणि जास्तीच्या दोन खुणा असतात, त्यांच्या उंचीला तू खिळ्यानं भिंतीवर दोन आडव्या ओळी कोरल्या होत्यास. रेघेचं डोकं त्या दोन ओळींच्या मधे आलं की इंजिनाला काळजी नाही. दिवसाला एक रेघ. सोमवारी बायका जमल्या की वही नंतर, आधी भिंत बघायच्या, कारण भिंत सगळ्यांनाच वाचता येत होती. दुसऱ्या गावच्या बायका एकदा बघायला आल्या तेव्हा मावशी, म्हणजे आपल्या गटाची म्हातारी अध्यक्षीण, त्यांना म्हणाली होती, "आमच्या ड्रायव्हरणीचं हे हजेरीबुक."

मी कॉलेज सोडून आलो तो दिवस तुला आठवत असेल. दुसऱ्या वर्षाला होतो. माझं एका पोरीवर मन होतं, वर्गातला एकजण तिच्याबद्दल काहीतरी घाण बोलला आणि मी त्याचं डोकं बाकावर आपटलं. पालकांना घेऊन ये म्हणाले. त्या केबिनमध्ये तुला उभी करायची, ते इंग्रजीत बोलणार आणि तू माझ्या तोंडाकडे बघणार, हे मला नको होतं. ओळखपत्र टेबलावर फेकलं आणि एसटी धरली. वाटलं होतं, जिच्यासाठी भांडलो ती तरी माझ्या बाजूनं असेल. ती म्हणाली, तुला कुणी सांगितलं होतं मारामारी करायला? शुक्रवार पेठेत राहायची ती, घरात तेलुगू बोलायचे. तिनं मला त्यातले दोनच शब्द शिकवले होते, ये आणि जा. त्या दिवसानंतर फोनच उचलला नाही, म्हणजे दुसरा शब्द म्हणायचीही तिला गरज पडली नाही. हे सगळं मी तुला कधी सांगितलं नाही. पिशवी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तू एवढंच विचारलंस, "किती दिवस हाईस?" मी म्हणालो, "आता हितंच." तू तव्यावरची भाकरी उलटलीस, कडा दाबल्यास आणि म्हणालीस, "मग उद्यापासनं आईल तू बघ."

शिकवलंस ते चुलीपुढेच. मी म्हणालो होतो, त्यात काय शिकायचं, पट्टी काढायची आणि बघायची. तू आमटीचं पातेलं उचलून माझ्या हातात दिलंस.

"असं धर. आता ह्या अंगाला कलव. ह्या कडंला आमटी किती हाय?"

"कमी."

"त्या कडंला?"

"जास्त."

"मग आमटी वाढली का आटली?"

"तेवडीच हाय की."

"व्हय ना. म्हणून गाडी सपाट जाग्यावर लावायची. इंजिन गार पायजे. पयल्यांदा काढलेली पट्टी वरपतूर भिजलेली असती, ती पुसायची, पार आत घालायची आन् परत काढायची, मग बघायचं. कमी असलं तर पेलाभर वतायचं, जरा दम धरायचा, आन् परत बघायचं. सगळा डबा एकदम उपडा करायचा न्हाय."

"आणि जास्त झालं तर?"

"लेकरानं जास्त खाल्लं की काय करतंय? वकतंय. तसंच त्ये. खालचा बोल्ट सैल करायचा, तसराळ्यात काढून घ्यायचं, परत पट्टी बघायची. त्याशिवाय चावीला हात लावायचा न्हाय."

मी हसलो, तू पण हसलीस. मग तू बोटावर आमटीचा थेंब घेऊन अंगठ्यानं चोळून दाखवलास, आईल पण असंच चोळून बघ, पातळ लागलं, डिझेलचा वास आला की मला सांग. आजही मी तसं चोळतो आणि दर वेळी तोंडाकडे बोट जाता जाता थांबतं.

त्याच महिन्यात मी तुला एक पोतंभर चिंध्या आणून दिल्या होत्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका मित्राकडे गेलो होतो, तिथं टॉवेलच्या कापलेल्या कडा ढिगानं पडलेल्या असतात. पट्टी पुसायला बरं पडेल म्हणून आणल्या. मी तुला स्वतःहून दिलेली तेवढीच एक वस्तू. तू एक चिंधी हातात घेऊन कुरवाळलीस. "लई मऊ हायत. पण ह्येचा धागा सुटतोय बग. पट्टीला चिकटून इंजिनात जाईल." आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून पुसायला ठेवलास. मला राग आला. बाहेर जाऊन दगडाला लाथ मारली, अंगठ्याचं नख गेलं. संध्याकाळी बघतो तर तू त्या चिंध्या शिवून ट्रॅक्टरच्या सीटवर टाकायला गादी केली होतीस. वर बसून दोनदा हललीस आणि म्हणालीस, "साहेबीण झाले की मी."

पंधरा-वीस दिवस मी नीट रेघा मारल्या. मग माझं लक्ष उडालं. सकाळी डोळे उघडले की आधी फोन बघायचा, तिचा काही निरोप आलाय का, आणि नसला की दिवस संपलाच. शेडमध्ये जळक्या आईलचा डबा असायचा. एके दिवशी मी पट्टी त्या डब्यात वरच्या खुणेपर्यंत बुडवली आणि रेघ मारली. कुणाला कळलं नाही. मग रोज तेच. एका सोमवारी बायका आल्या आणि मावशी भिंतीपुढे उभी राहून म्हणाली, "बगा, शिकलेल्या पोराचा हात. एक रेघ खाली न्हाय का वर न्हाय." दुपारी जेवताना म्हणालीस, "रेघा लई एकसारक्या याला लागल्यात." मी म्हणालो, "मग चांगलंच की." तू माझ्या ताटात आणखी कालवण वाढलंस. "चांगलंच की," म्हणालीस.

त्यावरून मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खरोखर आईल बघायला गेलो, अकरा दिवसांनी पहिल्यांदा. शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या म्हणून आदल्या सांजेला मी ट्रॅक्टर बाहेरच चढावर लावला होता, तोंड वर करून. पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली. टोकाला कुठंतरी थेंब. वाटलं अकरा दिवसांत सगळं आईल गेलं आणि मी खोट्या रेघा मारत बसलो. नव्या आईलचा डबा उचलला आणि ओतला. पेलाभर नाही, सगळा. मग ट्रॅक्टर सपाटीला ढकलून आणला, परत पट्टी काढली, तर आईल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. पातेलं कलवून दाखवलं होतंस तू, आये, आणि मी तेच विसरलो. आता खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं काढायचं, अर्ध्या तासाचं काम. पण तेवढ्यात फोनवर तिच्या मैत्रिणीचा निरोप आला. तिचं लग्न ठरलंय, आज सकाळीच घरचे तिला घेऊन निघणार आहेत, बघायचं असेल तर ये. मी पट्टी वरून दोन खुणांच्या मधोमधपर्यंत पुसून घेतली, भिंतीला दाबली, छान मधोमध रेघ उठली, आणि मोटरसायकलला किक मारली. निघताना तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. मला ट्रॅक्टरवर वाकलेला तू बघितलं होतंस. गेल्या अकरा रेघांवर तुझा विश्वास नव्हता, पण ही रेघ माझ्या हातून मारली जाताना तू डोळ्यांनी बघितलीस. भिंतीवर ती अजून ओली होती. तिच्याच भरवशावर तू चावी फिरवलीस.

सोलापुरातून परत येताना रस्त्यावरच मला आवाज ऐकू आला. मावशीच्या डाळिंबाच्या रानातून, किंचाळल्यासारखा, वर वर चढत जाणारा. बांधावर चढून बघतो तर सगळीकडे निळा-पांढरा धूर आणि त्यात तू. इंजिन बंद करायचा खटका तू ओढलेला होतास, तरी ते थांबत नव्हतं. जास्तीचं आईल हवेच्या वाटेनं आत जाऊन जळत होतं, डिझेल तोडून काय उपयोग? बायका लांब पळाल्या होत्या, ओरडत होत्या, "उडी मार, उडी मार." तू उतरलीस, पण पळाली नाहीस. सीटवरची गादी ओढलीस, बॉनेटवर वाकून हवा ओढणाऱ्या नळीचं टोपण उपटलंस आणि ती गादी त्या तोंडात कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरलीस. इंजिन गुदमरलं, दोन झटके दिले आणि बंद पडलं. वाकताना तोल सावरायला तुझा डावा तळवा सायलेन्सरवर टेकला होता. मी तिथं पोचलो तेव्हा तू तो पदरात गुंडाळत होतीस.

बायका गोळा झाल्या. मावशीनं पट्टी काढून बघितली. इतकं जळूनसुद्धा आईल वरच्या खुणेच्या वरच होतं. "कुणी वतलं ह्ये एवडं?" मी तुझ्यापासून चार पावलांवर होतो. माझ्या हाताला आईलचा वास होता, पँटीवर डाग होता. वर्गात एका वाक्यावर माणसाचं डोकं आपटणारा मी, माझ्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. तू माझ्याकडे बघितलंस, जरा जास्तच वेळ. मग म्हणालीस, "मीच वतलं. नजर चुकली." आणि कमरेची चावी सोडून मावशीच्या हातावर ठेवलीस, तिनं मागायच्या आधी.

घरी आल्यावर तू एकाच तळव्यावर भाकरी थापायला बसलीस. मी म्हणालो, मी थापतो. तू सरकली नाहीस. भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "बोलला का न्हाईस?" मी म्हणालो, "काय बोलणार हुतो?" तू म्हणालीस, "भांडायला बरं उगडतंय तुजं त्वांड." तेवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. गटानं भाड्याचा ड्रायव्हर लावला. तू खुरपायला जाऊ लागलीस. सकाळी उठून मात्र शेडकडे एक चक्कर असायची तुझी, भिंत बघून परत यायचीस. त्या ड्रायव्हरनं एकही रेघ मारली नाही. दोन वर्षांनी तू पोटाच्या दुखण्यानं अंथरूण धरलंस आणि उठली नाहीस. तेराव्यानंतर मावशीनं चावी आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुजी आय तुला शिकवून गेलीया, दुसऱ्या कुणाला कशाला द्यायची?" मी घेतली. तेव्हाही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून रेघा मारायला लागलो, आणि तेव्हापासून एकही खोटी मारली नाही. पण ते मी कुणाला सांगणार?

सोमवारचं सांगतो. गटातल्या एकीची सून ट्रॅक्टर शिकतेय, चुणचुणीत आहे. मावशी तिला भिंत समजावत होती. काठीनं जुन्या रेघा दाखवता दाखवता म्हणाली, "आन् नीट बगून वत. ह्याच्या आयनं वतलं तसं करू नगंस. गाडी गेली असती, बाई गेली असती." पोरगी मान हलवत होती. तिला तू कोण ते माहीत नाही. तिच्या लेखी तू म्हणजे जास्त आईल ओतणारी बाई, बस. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "माज्या आयचं नाव घिऊ नगा." मावशी म्हणाली, "का? खोटं बोलले व्हय मी? तिनंच कबूल केलंतं." मग निघालंच तोंडातून, मी ओतलं होतं, मी. अकरा खोट्या रेघा आणि ती बारावीही दाखवली, बोट ठेवून, एकेक.

मावशी फळीला धरून खाली बसली. मला वाटलं शिव्या देईल, चावी मागेल. चावी मी काढूनही ठेवली होती. ती म्हणाली, "आता सांगतोस व्हय रं? तुजी आय दोनदा आलती माज्याकडं. एकदा तळवा बरा झाल्यावर, एकदा पाडव्याला. म्हणली, मावशी, चावी द्या की परत, हात शिवशिवतोय. मी म्हणले, बायका भ्याल्यात, न्हाय द्याची. दोनदा मोकळ्या हातानं लावली तिला." मग तिनं चावी उचलून माझ्याकडे सरकवली. "उद्या माज्या रानात ये. डाळिंबांना आळी करायची हायत." ती शिकाऊ पोरगी तेवढ्यात लुगड्याच्या फडक्यानं पट्टी पुसत होती. मी तिच्या हातून फडकं काढून घेतलं, तुझ्या लुगड्याचा शेवटचा तुकडा तो. इतका काळा झालाय की पुसलं तर पट्टीलाच डाग लागतो. आता तिला दुसरं जुनं लुगडं आणून दिलंय.

तू चावी मागायला गेली होतीस हे मला माहीत नव्हतं. पाडव्याला तू नवं लुगडं नेसून कुठंतरी गेली होतीस आणि लगेच परत आली होतीस, एवढं आठवतं. मी विचारलं नव्हतं.

हे पान वहीतच राहणार आहे. पण वर मी एक रेघ खोटी मारलीय, ती पुसायला पाहिजे. बायकांना सगळं सांगितलं, हे नाही सांगितलं. परत येताना रस्त्यावर मला आवाज ऐकू आला असं लिहिलंय ते तसं नाही. शुक्रवार पेठेत ती खिडकी बंद होती, खाली कुलूप. मी दहा मिनिटंही थांबलो नाही. साडेदहाच्या आत मी आपल्या फाट्यावरच्या हॉटेलात येऊन बसलो होतो, कुणाशी बोलायचं नव्हतं म्हणून. तिथं बसून चहा पीत होतो आणि तू समोरून ट्रॅक्टर घेऊन आलीस, त्या गादीवर ताठ बसून. मला बघून तू गाडी हळू केलीस. थांबायच्याच बेतात होतीस. मला पट्टी आठवली, आये, चक्क डोळ्यांपुढे दिसली. पण बोलायचं म्हणजे सकाळी कुठं गेलो होतो ते सांगावं लागलं असतं. तू हात केलास. मीही हात केला.